उठताना काय लिहून ठेवता?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पूर्णवेळ नोकरी, जाण्यायेण्यासकट दिवसाचे दहा तास. दर पंधरवड्याला एक सदर. २८० पानांच्या पुस्तकाचा अनुवाद, मुदत पाच महिन्यांची, त्यातले दोन संपले आणि ९० पानं झाली. चाळिसाव्या पानावर अडकलेली स्वतःची कादंबरी. शनिवारी बासरीचा क्लास. घरात वडिलांचं आजारपण. पहाटे पाच ते रात्री अकरा असं वेळापत्रक तुम्ही आखलंत, ते नऊ दिवस चाललं आणि दहाव्या दिवशी कोसळलं. आता तुम्ही विचारताय की यातलं काय सोडू, आणि बासरी सोडली तर कादंबरी पुरी होईल का.

बासरी सोडू नका. ती सोडून कादंबरी पुरी होणार नाही. का ते पुढे सांगते. अनुवादाचं मात्र आजच्या आज काहीतरी करावं लागेल, त्याचं पत्रच शेवटी लिहून देते.

मी चोवीस वर्षं नोकरी करत लिहितेय. दिवसा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते: कुठला स्क्रू आधी सैल करायचा, कुठलं झाकण चालू मशिनवर उघडायचं नाही. उरलेल्या वेळात कथा, एक सदर, अधूनमधून अनुवाद. तुमच्यासारखं वेळापत्रक मीही केलं होतं, चार रंगांच्या पेनांनी, भिंतीवर चिकटवलेलं. ते बारा दिवस टिकलं, म्हणजे तुमच्यापेक्षा तीनच दिवस जास्त. तेव्हा मी आळशीपणाला दोष दिला. खरी खोट कागदावरच होती. ‘पाच ते सात कादंबरी’ असं लिहिताना आपण धरून चालतो की पाच वाजता आपण कादंबरीत असू. पाच वाजता आपण खुर्चीत असतो. कादंबरीत पोचेपर्यंत पावणेसहा होतात.

हे मी मोजून बघितलंय. दोन आठवडे वहीत फक्त दोन वेळा टिपल्या: बसले कधी, आणि टिकलेलं पहिलं नवं वाक्य लिहिलं कधी. अकरा बैठका झाल्या. सरासरी बैठक सत्तर मिनिटांची, आणि त्यातली एकतीस मिनिटं मागचं वाचणं, मागचंच एखादं वाक्य उगाच घासणं, ‘हे कुठे चाललं होतं बरं’ असं आठवत बसणं यात गेलेली. म्हणजे वेळ होता. जवळजवळ निम्मा परत येण्याच्या भाड्यात जात होता. दिवसातून चार वेगवेगळी कामं करणारा माणूस हे भाडं चार वेळा भरतो. तुमचं वेळापत्रक दहाव्या दिवशी पडलं ते याच खर्चाने. तो कुठल्याच रकान्यात धरलेला नव्हता.

नोकरी करून लिहिणाऱ्यांच्या गोष्टीत अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचं नाव हमखास निघतं. टपाल खात्यात अधिकारी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. हे सगळं त्याने आत्मचरित्रात स्वतः नोंदवलंय, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आलं. लोक २५० शब्दांचा आकडा उचलतात आणि स्वतःला त्याने झोडपतात. त्याच आत्मचरित्रातल्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा. परत यायचं भाडं त्यालाही चुकलं नव्हतं, त्याने ते आधीच हिशेबात धरलं होतं. आणि दोन, त्याला पहाटे उठवायला नोकर होता, त्या कामाचे त्या नोकराला वर्षाला ५ पौंड जास्त मिळायचे. घरात आजारी माणूस असताना, रात्री दोनदा उठून पहाटे पाचचा गजर लावणाऱ्याने ट्रॉलपशी तुलना करताना हे ५ पौंड विसरू नयेत.

दुसरं हमखास नाव काफ्काचं. अपघात विम्याच्या संस्थेत नोकरी, दुपारी दोनला सुटी, आणि १९१२ च्या सप्टेंबरात २२ तारखेच्या रात्री बसून पहाटेपर्यंत एक अख्खी कथा हातावेगळी. ही गोष्ट ऐकून किती जण ‘तशी रात्र’ यायची वाट बघत बसलेत कोण जाणे. त्याच काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, हेही त्याच दमात सांगायला हवं. आपल्याकडे मर्ढेकर आकाशवाणीत होते, कोलटकर जाहिरातक्षेत्रात, नारळीकर खगोलभौतिकीत. नोकरी आणि लेखन एकत्र नांदतात यात नवल काहीच नाही. ते नांदायला लागणारी बारीकसारीक व्यवस्था प्रत्येकाला स्वतःची स्वतः लावावी लागते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहून ठेवत नाही.

माझ्या व्यवस्थेतली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे उठताना लिहायची चिठ्ठी. सगळे बसायचं कसं ते विचारतात. माझ्या मते व्यग्र माणसाने आधी उठायचं कसं ते शिकावं.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली एक निबंध लिहिला. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम खराब होतं, असं तिने प्रयोगांतून दाखवलं. नंतर २०१८ मध्ये तिने सहकाऱ्यासोबत पुढचा प्रयोग केला. काम सोडताना ‘मी कुठे होते आणि परत आल्यावर काय करणार’ हे मिनिटभरात लिहून ठेवलं, तर ती अडकण पुष्कळ सुटते. मी हे वाचलं तेव्हा माझ्या चिठ्ठ्यांना दहा वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे मला आनंद झाला त्यापेक्षा ‘अरे, हे छापण्यासारखं होतं होय!’ असं वाटलं.

पण चिठ्ठी कशी लिहायची, यावर सगळं आहे. माझ्या सुरुवातीच्या चिठ्ठ्या अशा असत:

‘पुढे: सुमनचा प्रसंग पूर्ण करणे.’

ही चिठ्ठी निरुपयोगी आहे. ही मुकादमाने मजुराला दिलेली चिठ्ठी आहे. दुसऱ्या दिवशी ती वाचून मला फक्त एवढं कळायचं की काम बाकी आहे, आणि ते मला चिठ्ठीशिवायही माहीत होतं. आता त्याच जागी मी असं लिहीन:

‘सुमन पायरीवर बसलीय. एकच चप्पल सापडलीय. शेजारीण वरून विचारणार, काय शोधतेस गं? सुमन खोटं बोलणार. काय बोलेल ते माहीत नाही, पण चप्पल म्हणणार नाही. (दुसऱ्या परिच्छेदातला पाऊस काढ, तो पहिल्या प्रकरणात पडून गेलाय.)’

माणूस कुठे आहे, त्याच्या हातात काय आहे, पुढचं तोंड कोण उघडणार, आणि मला काय ठाऊक नाही, एवढं यात आहे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘काय खोटं बोलेल’ हा प्रश्न मी दिवसभर खिशात घेऊन फिरते. तो मुद्दाम सोडवत नाही, पण स्क्रूंची यादी करताना, रांगेत उभी असताना तो आपला कुठेतरी शिजत असतो. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बसायच्या आधीच सुमन बोललेली असते. कंसातला पाऊस वेगळ्या कारणासाठी. अशी दुरुस्तीची आठवण डोक्यात ठेवली की ती दिवसभर टोचते आणि बसल्याबसल्या पहिल्यांदा तीच करावीशी वाटते, मग अर्धा तास मागच्या पानांवरच जातो. कंसात टाकली की ती गप्प बसते.

चिठ्ठीसाठी वेळ राखून ठेवावा लागतो. उठायच्या सहा मिनिटं आधीचा गजर माझ्या फोनवर आहे. तो वाजला की वाक्य कुठेही असो, हात थांबवते. सुरुवातीला जिवावर यायचं. नेमका तेव्हाच ओघ लागलेला असतो, आणि ‘हा परिच्छेद संपवूनच उठते’ असं वाटतं. तो परिच्छेद संपवणं हीच चूक. प्रसंग नीट बंद करून उठलात की दुसऱ्या दिवशी बंद दारापुढे उभं राहावं लागतं. अर्ध्या वाक्यात उठलात तर दार उघडं असतं. चिठ्ठी मी हाताने लिहिते, फाइलमध्ये टंकत नाही. फाइल उघडली की आधीची पानं दिसतात आणि मी ती वाचायला लागते. चिठ्ठी कीबोर्डवर आडवी ठेवलेली असते, ती उचलल्याशिवाय टाइप करताच येत नाही. सात-आठ महिन्यांनी पुन्हा बैठका मोजल्या तेव्हा एकतीस मिनिटांची बारा झाली होती. शून्य कधीच झाली नाहीत.

अनुवादाची चिठ्ठी वेगळी असते. तिथे पुढे काय होणार ते छापलेलंच असतं, निसटतो तो सूर. म्हणून माझ्या अनुवादाच्या चिठ्ठीत सहसा निर्णय असतात: ‘पान ६० पासून म्हातारा नातवाला अरे म्हणतो, सुनेला अहो. मूळात फरक नाही, आपण ठेवलाय, मोडू नको.’ शिवाय न सुटलेले शब्द वेगळ्या सूचीत, पानांच्या आकड्यासह. तुम्ही तीन आठवड्यांनी अनुवादाकडे परत गेलात आणि पानं जड वाटली असं लिहिलंय, ते याच कारणाने असावं. मजकूर परका झालेला नसतो, आपले आधीचे निर्णय आपण विसरलेले असतो. सदराच्या चिठ्ठीला एक ओळ पुरते. सदर हा छोटा प्राणी आहे, त्याच्यासाठी फार व्यवस्था लावू नका.

यातून पुढची गोष्ट निघते. सगळं लिहिणं एकाच जातीचं नसतं आणि सगळा वेळही एकाच जातीचा नसतो. नवा खर्डा लिहायला मला सलग पाऊण तास लागतो, त्याच्या आत तो निघतच नाही. दुरुस्तीला वीस मिनिटंही चालतात. शब्दसूची, संदर्भ तपासणं, पत्रांना उत्तरं, मानधनाची बिलं हे दहा मिनिटांच्या फटीत बसतं. आपण उलटं करतो. पहाटेच्या ताज्या पाऊण तासात आधी पत्रांना उत्तरं देतो, कारण ती सोपी असतात, आणि रात्री साडेदहाला कादंबरी काढतो. मग ती अडकते यात कादंबरीचा काय दोष?

मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासणं मात्र दहा मिनिटांचं काम समजू नका. मी समजले होते. एका कथेचं शेवटचं मुद्रित रात्री साडेअकराला, दिवसभराच्या कामानंतर, ‘आता काय, नुसतं बघायचंय’ म्हणून बघितलं आणि संमती कळवली. कथा छापून आली. तिसऱ्या भागात वारलेले काका सातव्या भागात दार उघडायला उठले होते. मीच केलेल्या एका फेरफारात ते वाक्य राहून गेलं होतं. एका वाचकाने पत्र लिहून विचारलं, ही भुताची कथा आहे का? तेव्हापासून मुद्रितं सकाळी, छापून, कागदावर, ओळीखाली पट्टी धरून.

आता वायद्यांकडे येते, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला, हजार शब्द हवेत. मी हो म्हणाले. त्याच आठवड्यात दुसरीकडून फोन आला, तिथेही हो म्हणाले. दोन्हींची तारीख एकच शुक्रवार. पहिला लेख बरा झाला. दुसरा मी अर्धाकच्चा पाठवला, मनात म्हटलं ते परत पाठवतील, मग नीट करू. त्यांनी तो तसाच छापला. त्यांच्याकडे पान मोकळं होतं आणि माझ्यावर विश्वास होता. तो अंक मी घरात कुणाला दाखवला नाही. त्यानंतर फोनवर होकार देणं बंद केलं. ‘वही बघून उद्या सांगते’ हे वाक्य इतकं पाठ झालंय की मला झोपेत विचारलं तरी तेच म्हणेन. दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळा माझं मीच नाही म्हणते, आणि समोरच्याला त्याचं काहीही वाटलेलं नसतं.

‘छोटंसंच आहे, पाचशे शब्द’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. पाचशे शब्द लिहायला मला तीन तास लागतात. त्याच्याभोवतीचं, म्हणजे विषयावर दोन फोन, परिचयाच्या चार ओळी, फोटो, मुद्रित, शीर्षकाबद्दलची देवाणघेवाण, मानधनासाठी बँकेचा तपशील, हे सगळं मिळून आणखी अडीच. हजार शब्दांच्या लेखाभोवतीचंही अडीचच असतं. म्हणून दोन छोट्यांपेक्षा एक मोठा लेख मला परवडतो.

आणि आपला स्वतःचा अंदाज. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडत गेलं तर किती? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. सगळं बिघडण्याचा अंदाजही कमीच पडला. मला यातली गंमत ही वाटते की विद्यार्थी खोटं बोलत नव्हते. आपण काम डोळ्यांसमोर आणतो तेव्हा ते सलग, विनाअडथळा होताना दिसतं. वडिलांना ताप आलेला दिवस त्या चित्रात नसतो. म्हणून अंदाज डोक्यातून काढायचा नाही, वहीतून काढायचा. मागचं असंच काम किती दिवस चाललं ते बघायचं आणि तोच आकडा सांगायचा, तो कितीही लाजिरवाणा वाटला तरी.

तुमचाच आकडा घ्या. दोन महिन्यांत ९० पानं, म्हणजे महिन्याला ४५. उरली १९०. याच वेगाने सव्वाचार महिने. तपासणीला किमान एक महिना. झाले सव्वापाच, आणि मुदतीतले उरलेत तीन. ‘पुढच्या महिन्यापासून वेग वाढवते’ असं मनात आलं असेल तर विचारा, कशाने? वडील पुढच्या महिन्यात कमी आजारी असणार आहेत का? दोन महिन्यांचा वेग हा तुमचा खरा वेग आहे. तो वाईट नाही. नोकरी करून महिन्याला ४५ पानं म्हणजे चांगला आहे. चुकलीय ती तारीख.

नकार देताना कारणांची माळ लावू नका. ‘या वेळी जमणार नाही’ एवढं पुरतं. कारणं दिली की समोरचा ती सोडवायला बसतो: मुदत वाढवून देऊ का, शब्द कमी करू का. आणि ‘पुढच्या वेळी जरूर विचारा’ हे खरंच विचारायला हवं असेल तरच म्हणा, कारण ते विचारतात.

बासरीचं. क्लास सोडला तर शनिवारचे तीन तास मोकळे होतील असा तुमचा हिशेब. मी एक वर्ष पोहणं सोडून बघितलं होतं, याच हिशेबाने. त्या वर्षाची पानं मोजली तर आदल्या वर्षाइतकीच. मोकळे झालेले तास लिहिण्याकडे आलेच नाहीत. घरातली तुंबलेली कामं त्यात शिरली, थोडी झोप शिरली, बाकी फोनने खाल्ले. छंदाचा वेळ टिकतो कारण तिथे कुणीतरी वाट बघत असतं किंवा तिथे जावं लागतं. तो मोडला की त्याची चिल्लर होते, आणि चिल्लरीत खर्डा निघत नाही हे वर आलंच आहे.

माझा आत्ताचा छंद पुस्तकबांधणीचा. जुनी, पानं सुटलेली पुस्तकं उसवायची, फर्मे वेगळे करायचे, दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने जुजबंदी शिवायची. खळ लावली की रात्रभर वजनाखाली ठेवायचं. घाई केली तर कणा वाकडा होतो, आणि तो आयुष्यभर वाकडाच राहतो. कागदाच्या तंतूंची दिशा बघावी लागते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा, ज्या घडीत तो सहज वाकतो त्या घडीच्या रेषेची दिशा तीच तंतूंची. ती कण्याला समांतर हवी, नाहीतर खळीचा ओलावा लागला की पान फुगतं आणि सुरकुत्या पडतात. या कामाचा माझ्या लेखनाला काही उपयोग होतो का, असं मला नेहमी विचारतात. होत नसावा. दिवसभर शब्द चिवडून झाल्यावर ज्यात शब्द वाचायचेच नाहीत असं पुस्तक हातात असणं मला बरं वाटतं, बास.

या छंदाचीही मी एकदा वाट लावली होती. ओळखीच्यांनी पुस्तकं आणून द्यायला सुरुवात केली, ‘तुझा हात बसलाय, एवढं करून दे’. बघता बघता कपाटात आठ पुस्तकं झाली, आणि सुट्टीच्या दिवशी बांधणीचं सामान काढायचं म्हटलं की पोटात गोळा यायला लागला. छंद आणि वायदा यांतला फरक मला त्या कपाटाने शिकवला. आठही पुस्तकं माफी मागून परत केली. एक काकू थोड्या रागावल्या. आता सांगून बांधायचं नाही, बांधून द्यायचं असेल तर मी आपणहून देईन. तुमच्या बासरीचं सदरात लिहायचा मोह होईल, वाजवतानाचे व्हिडिओ टाकायचा होईल. निदान दोन वर्षं थांबा.

नाबोकोवचं उदाहरण इथे द्यायला हरकत नाही. कादंबरीकार म्हणून जग त्याला ओळखतं, पण १९४० च्या दशकात तो हार्वर्डच्या संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाखाली निळी फुलपाखरं तपासत होता. अमेरिकेतली ही फुलपाखरं आशियातून लाटालाटांनी आली असावीत असं त्याने १९४५ साली मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०११ मध्ये डीएनए तपासून त्याचं म्हणणं खरं ठरलं, तेव्हा त्याला जाऊन तेहतीस वर्षं झाली होती. त्याने ती फुलपाखरं कादंबरीला वेळ मिळावा म्हणून सोडली असती तर काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही. पण फुलपाखरांसाठी काढलेल्या त्या वेळात त्याचं लेखन थांबलं नव्हतं एवढं दिसतं.

वडिलांच्या आजारपणाबद्दल थोडं. आईच्या शेवटच्या वर्षात मी सात महिने नवं काहीही लिहिलं नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून खर्डा लिहिता येतो असं सांगणारे लोक मला भेटलेत, मला जमलं नाही. कान सतत त्या खोलीकडे असतात. त्या काळात मी शब्दसूच्या नीट केल्या, जुन्या कथांमधल्या जोडाक्षरांच्या चुका काढल्या, पुष्कळ वाचलं. सदर चालू राहिलं ते साठ्यातल्या चार लेखांवर. कधीही छापले तरी चालतील असे दोन-तीन लेख बाजूला लिहून ठेवायची सवय मला त्याआधीच होती, ती तेव्हा कामाला आली. तुमच्याकडे असा साठा नसेल तर पुढचा मोकळा रविवार कादंबरीला न देता त्याला द्या. आणि सदराच्या संपादकांना घरची परिस्थिती एका ओळीत सांगून ठेवा. संपादकांना उशीर सोसतो, अचानक उशीर सोसत नाही.

घरच्यांशी माझा करार साधा आहे. दार लोटलेलं असेल तर हाक मारा. कडी असेल तर आग लागली असली पाहिजे. कडी दिवसातून एकदाच, तासाभराची. ती जास्त वेळा लावली तर तिची किंमत राहत नाही.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी. नोकरीच्या ठिकाणच्या लॅपटॉपवर स्वतःचं लेखन करू नका, आणि नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाच्या मानधनाबद्दल काय लिहिलंय ते एकदा शांतपणे वाचा. खर्ड्याची एक प्रत मशिनवर, एक क्लाउडवर, एक पेनड्राइव्हवर. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर आत्ताच बदलून घ्या. माझ्या दोन कथा आज उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात, आणि मला त्या आठवून पुन्हा लिहायचा उत्साह नाही.

कादंबरीला सध्या आठवड्यातून दोन पहाटा द्या, पाच ते सहा, बाकीच्या पहाटे झोपा. दोनदा चारशे शब्द म्हणजे वर्षाला चाळीस हजार होतात, त्यात दहा-बारा आठवडे वाया गेले तरी तीस उरतात. चाळिसाव्या पानावर पहिली बैठक लिहिण्याची करू नका. फक्त तिथपर्यंत वाचा आणि वर सांगितली तशी चिठ्ठी लिहून उठा.

आता ते पत्र. मुदत उलटून गेल्यावर मागितलेली वाढ आणि तीन महिने आधी मागितलेली वाढ यांत संपादकाच्या दृष्टीने फार फरक असतो. आधी कळलं तर त्यांना छपाईचा क्रम बदलता येतो. हिशेबाने सव्वादोन महिने कमी पडताहेत, अडीच मागा. असं लिहा:

‘नमस्कार. अनुवादाच्या मुदतीबद्दल लिहीत आहे. २८० पैकी ९० पानांचा खर्डा तयार आहे. माझा आतापर्यंतचा वेग महिन्याला ४५ पानांचा आहे. या वेगाने, तपासणी धरून, पूर्ण काम ठरल्या तारखेनंतर अडीच महिन्यांनी हाती देता येईल. पहिली १५० पानं तपासून ठरल्या तारखेलाच हवी असतील तर तसंही करता येईल, उरलेली त्यानंतर अडीच महिन्यांत. यांपैकी आपल्याला काय सोयीचं पडेल ते कळवावं. झालेल्या कामाचा अंदाज यावा म्हणून पहिली ३० पानं सोबत जोडली आहेत.’

यात वडिलांचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही. विचारलं तर सांगा. ती तीस पानं पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या, आणि पत्र रात्री पाठवू नका. रात्री लिहून ठेवा, सकाळी पुन्हा वाचा आणि दहाच्या सुमारास पाठवा. जोडपत्र जोडलंय ना ते बघून.